निर्दोष सुटकेचा हिशेब कोण मागणार?

पैसे खाल्ले की पोलीस गुन्हा दडपतात, ही आपली ढोबळ समजूत. गंभीर गुन्ह्यात तसे करणे अवघड असते, कारण त्याचा बोभाटा होतो. त्यापेक्षा तपास सुरू ठेवून तो कच्चा ठेवणे सोयीचे. पंचनामा उशिरा करायचा, मुद्देमालाच्या सीलमध्ये ढिलाई ठेवायची, महत्त्वाच्या साक्षीदाराचा जबाब मोघम लिहायचा. दोषारोपपत्र वेळेत दाखल होते, खटला रीतसर चालतो आणि काही वर्षांनी आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटतो. निकालपत्रात तपासातील त्रुटींवर ताशेरे येतात, पण ती त्रुटी कामाच्या रेट्यात राहिली की मोबदला घेऊन ठेवली गेली, हे तपासले जात नाही. भ्रष्टाचाराला लपायला नाकर्तेपणाइतकी सुरक्षित जागा नाही. म्हणूनच आरोपी सुटल्यावर फाईल बंद करण्याची पद्धत मोडायला हवी.

पुण्यातील कल्याणीनगरचे प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे भरधाव पोर्शे मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. वरिष्ठांना वेळेत न कळवल्याबद्दल येरवडा पोलीस ठाण्याचे दोन अधिकारी निलंबित झाले. ससून रुग्णालयात अल्पवयीन चालकाच्या रक्ताचा नमुना पैसे घेऊन बदलल्याच्या आरोपावरून तिथल्या दोन डॉक्टरांना अटक झाली. हे आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत. पण नमुन्यातील घोळ उघड झाला, तो त्याच दिवशी औंधच्या रुग्णालयात दुसरा नमुना घेतला गेला आणि दोन्हींचा डीएनए जुळला नाही म्हणून. दुसरा नमुना घेतला नसता, तर बदललेला अहवालच निमूटपणे पुरावा ठरला असता. दिल्लीत १९९९ मध्ये बीएमडब्ल्यू मोटारीखाली सहा जणांचा जीव गेला. त्या खटल्यातील विशेष सरकारी वकील आणि बचाव पक्षाचे वकील यांचा एका महत्त्वाच्या साक्षीदाराशी चाललेला व्यवहार २००७ मध्ये वृत्तवाहिनीच्या छुप्या कॅमेऱ्याने टिपला. दिल्ली उच्च न्यायालयाने दोघांनाही न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरकारी वकिलांची अवमानातून सुटका केली, पण त्यांचे वर्तन गैर असल्याचेही नोंदवले. पुण्यात दुसरी कुपी होती, दिल्लीत कॅमेरा होता. ज्या हजारो खटल्यांत यांपैकी काहीच नसते आणि माध्यमांचे लक्षही नसते, तिथे काय होत असेल, हा खरा प्रश्न आहे.

त्यावरचा उपाय नव्याने शोधण्याची गरज नाही. गुजरातमधील एका चिमुरडीवरील बलात्कार आणि हत्येच्या खटल्यात, तपास आणि अभियोगातील ढळढळीत उणिवांमुळे आरोपीची सुटका कायम ठेवण्याची वेळ ७ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयावर आली. ‘गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई’ या निकालात न्यायालयाने सर्व राज्यांच्या गृह विभागांना बजावले, की प्रत्येक निर्दोष सुटकेची कारणे तपासा आणि दोषी तपास अधिकारी वा सरकारी वकिलांवर खातेनिहाय कारवाई करा. मात्र ही तपासणी करायची आहे पोलीस आणि अभियोग खात्यांतील वरिष्ठांच्या समितीनेच. आपल्याच माणसांच्या चुका आपणच शोधायच्या, ही या व्यवस्थेतील फट आहे. समितीत निवृत्त न्यायाधीश असावा आणि तिचे निष्कर्ष जाहीर व्हावेत, एवढी दुरुस्ती केली तरी बराच फरक पडेल.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की बंदोबस्तात अडकलेल्या, डोक्यावर ढीगभर गुन्हे असलेल्या अधिकाऱ्याकडे भ्रष्ट म्हणून पाहणे अन्याय्य आहे. कामाचा बोजा खराच आहे. म्हणूनच पोलीस सुधारणांबाबतच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या प्रकाश सिंह निकालात तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची यंत्रणा वेगळी करण्याचे निर्देश दिले गेले. पण बोजाने झालेली चूक सर्व प्रकारच्या आरोपींच्या वाट्याला येते. विकत घेतलेली चूक मात्र पैसेवाल्यांच्या खटल्यांत पुन्हा पुन्हा दिसते. हा फरक शेकडो निकाल शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही आणि प्रामाणिक अधिकाऱ्याला संशयातून सोडवणारा मार्गही तोच आहे. दुसरा आक्षेप असा, की सुटकेचा जाब विचारला तर पोलीस खोटे पुरावे उभे करतील आणि सरकारी वकील वाट्टेल ते करून शिक्षा मिळवू पाहतील. शिक्षेच्या टक्केवारीवर बढत्या दिल्या तर तसे नक्की होईल. म्हणून ‘आरोपी का सुटला’ एवढेच विचारून भागणार नाही. हाती असलेला पुरावा न्यायालयापर्यंत का पोहोचला नाही आणि निरपराध माणसाला खटल्यात गोवले गेले होते का, ही दोन्ही उत्तरे चौकशीत यायला हवीत.

किशनभाई निकालाला दशक उलटून गेले. राज्याच्या गृह विभागाने किती निर्दोष सुटका तपासल्या, किती प्रकरणांत जबाबदारी निश्चित केली आणि काय कारवाई केली, याचा अहवाल दरवर्षी विधिमंडळासमोर ठेवावा. आमदारांनीही तो प्रश्न विचारून मागून घ्यावा.