तलवारीच्या कादंबऱ्या आणि पलटणीतली माणसे

१९६२ हे साल मराठी वाङ्मयात 'स्वामी'चे साल म्हणून नोंदले गेले आहे. रणजित देसाई यांची माधवराव पेशव्यांवरील ही कादंबरी त्या वर्षी प्रसिद्ध झाली आणि रमाबाईंच्या सहगमनावर शहरी मध्यमवर्गाने मनमुराद अश्रू ढाळले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात नेफाच्या थंडीत सुती गणवेशातले, कॅनव्हासचे बूट घातलेले जवान चिनी फौजांसमोर उभे करण्यात आले. सरकारी आकड्यांप्रमाणे त्या युद्धात १,३८३ जवान ठार झाले, १,६९६ बेपत्ता झाले आणि ३,९६८ कैदेत पडले. या दुसऱ्या घटनेवर मराठी कादंबरीने किती पाने खर्ची घातली, याचा हिशेब मांडायला कोणत्याही तालुका वाचनालयाच्या ग्रंथपालाला अर्ध्या तासापेक्षा अधिक वेळ लागणार नाही.

त्याच नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. देवराष्ट्रे येथे जन्मलेला आणि कराडात वाढलेला हा नेता राजधानीत पोहोचला तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे म्हटले गेले आणि हे वाक्य पुढे गौरवग्रंथांतून, सत्कारसमारंभांतून, शाळेच्या निबंधांतून इतके फिरले की त्याचा अर्थ विचारण्याची कोणाला गरजच वाटेनाशी झाली. सह्याद्री धावला म्हणजे नेमके कोण धावले? एक मंत्री विमानाने गेला. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरची, माण-खटावची, आटपाडी-जतची पोरे तर त्यापूर्वी किमान पन्नास वर्षे रेल्वेच्या तिसऱ्या वर्गातून आणि बोटीच्या तळघरातून धावतच होती. त्यांच्या धावण्याला कोणी उपमा दिली नाही. पराभवाची चौकशी झाली. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी लोकसभेत तिचे निष्कर्ष सांगितले आणि हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल कपाटात गेला. २०१४ साली एका परदेशी पत्रकाराने त्याचा काही भाग उघड केला. सरकारने मात्र तो अधिकृतपणे लोकांपुढे ठेवलेला नाही. बंद कपाटात जे आहे त्यावर जगभर कादंबऱ्या लिहिल्या जातात. मराठीत कपाट पाहिले की कादंबरीकार पेशवे दप्तराकडे वळतो.

ऐतिहासिक कादंबरी वाईट, असा आरोप येथे नाही. आरोप असा आहे की मराठीतील युद्ध हे सिंहासनावरून पाहिलेले युद्ध आहे. 'श्रीमान योगी', 'छावा', 'राऊ' या ग्रंथांत मसलती आहेत, महालातील मत्सर आहे, नायकाचे एकाकीपण आहे. पण ज्याच्या पाठीवर खोगीर आणि खांद्यावर भाला होता तो शिपाई बहुतेक वेळा 'दहा हजारांची फौज' या दोन-तीन शब्दांत संपतो. त्याचे शेत कोणी पेरले, त्याचा रोजमुरा किती महिने थकला, तो मेल्यावर सावकाराचे खत कोणाच्या नावावर चढले, हे प्रश्न रसभंग करणारे म्हणून बखरीबरोबरच बाजूला ठेवले जातात. वास्तविक मराठी राज्याच्या लष्करी इतिहासात थकलेले पगार आणि कर्ज यांचे स्थान तलवारीइतकेच मोठे आहे.

अपवाद आहेत आणि ते सांगितलेच पाहिजेत. विश्वास पाटील यांच्या 'पानिपत'मध्ये (१९८८) उपाशी छावणीचे चित्र आहे. सातारा जिल्ह्याच्याच मातीतील ना. सं. इनामदार यांनी 'शिकस्त'मध्ये (१९८३) १४ जानेवारी १७६१ चा तो दिवस सदाशिवरावभाऊंच्या मागे राहिलेल्या पार्वतीबाईंच्या बाजूने पाहिला. रणांगणाकडे पाठ करून घराकडे तोंड करणे, ही मराठी कादंबरीतील साधी गोष्ट नव्हे. पण तेथेही वाड्यातील स्त्री आहे. पानिपतात गारद झालेल्या बारगिराच्या बायकोचे काय झाले, ती कुंकू लावीत राहिली की पुसून मोकळी झाली, हे लिहायला दप्तरात कागद नाही, असे उत्तर दिले जाईल. कागद नाही म्हणूनच तर कादंबरीकाराची गरज असते!

आणि जेथे कागद आहे, दगड आहे, तेथे तरी कोण गेले? साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द कायमचा चिकटला आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले, असे गावचे स्मारक सांगते. अशा शिळा दख्खनच्या कितीतरी गावांत ब्रिटिश सरकारने बसविल्या: या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके परतले नाहीत. चावडीच्या भिंतीतील ही संगमरवरी बेरीज-वजाबाकी म्हणजे त्या माणसांवर निघालेले एकमेव वाङ्मय होय.

ते कोठे मेले? मेसोपोटेमियातील कूत येथे १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी वेढ्यात सापडल्या होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाऊनशेंडने शरणागती पत्करली. मधल्या महिन्यांत रसद संपली. गोरे सोजीर घोड्याचे मांस खाऊन तगले. हिंदी शिपायांपैकी बहुसंख्यांनी धर्मापायी आणि गावी परतल्यावर जात वाळीत टाकील या भयापायी ते दीर्घकाळ नाकारले. भाजीपाल्याअभावी त्यांच्या हिरड्या सडल्या. शरणागतीनंतर वाळवंटातून जी पायपीट झाली तीत आणि तुर्की कैदेत हजारो मेले. टाऊनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर पाहुण्यासारखा राहिला. सेनापतीची ऐष आणि शिपायाची भूक इतकी शेजारी शेजारी असताना, जातीच्या पंगतीचे भय टायग्रिसच्या काठापर्यंत पोहोचलेले असताना, कोणत्या कादंबरीकाराला आणखी कोणते कथानक हवे होते? पण तेथे भगवा नव्हता, साम्राज्याचा युनियन जॅक होता. मराठी वाचकाच्या अभिमानाला तो प्रसंग पचनी पडणारा नव्हता आणि प्रकाशकाच्या गणितात बसणारा नव्हता.

अभिमानाचा वापर साम्राज्याने मात्र अचूक केला. १९४१ साली एरिट्रियातील केरेनच्या डोंगरावर मराठा लाइट इन्फन्ट्रीने छत्रपती शिवाजी महाराजांच्या जयजयकाराने चढाई केली. ती रणगर्जना तेव्हापासून रूढ झाली. ज्या राजाने परकी सत्तेविरुद्ध मावळ्यांना उभे केले, त्याच्या नावाने त्या मावळ्यांचे वंशज एका परकी सत्तेसाठी दुसऱ्या परकी सत्तेविरुद्ध लढले. पुढच्याच वर्षी, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, खटाव तालुक्यातील वडूजच्या कचेरीवर तिरंगा घेऊन गेलेल्या शेतकऱ्यांवर ब्रिटिश सरकारच्या पोलिसांनी गोळीबार केला आणि नऊजण हुतात्मे झाले. एका मुलाची तनखा मनिऑर्डरने ज्या सरकारकडून यावी, त्याच सरकारची गोळी दुसऱ्याच्या छातीत बसावी, ही त्या काळच्या सातारा जिल्ह्याची खरी कोंडी होती. प्रतिसरकारवर पोवाडे झाले, गौरवग्रंथ झाले, नाना पाटलांचे पुतळे झाले. परंतु भरती आणि बंड या दोन्ही वाटा एकाच दुष्काळी शिवारातून का निघाल्या, हा प्रश्न पुतळ्याच्या चौथऱ्यावर कोरता येत नाही. त्याला कादंबरीच लागते.

वर्दीने माणसाची प्रतिष्ठा वाढते, असा एक युक्तिवाद नेहमी केला जातो. त्याचे उत्तरही याच जिल्ह्यात आहे. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्त होऊन साताऱ्यास राहिले. १९०१ च्या सुमारास ते खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते आणि त्यांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरली. चांगले कपडे पाहून स्टेशनमास्तर आधी गोड बोलला. जात कळताच मागे सरला. गाडीवानांनी बैलगाडी नाकारली. अखेर दुप्पट भाडे घेऊन एकजण तयार झाला तो या अटीवर की गाडी मुलांनी हाकावी आणि तो बाजूने चालेल. त्या मुलांपैकी एक भीमराव आंबेडकर. सुभेदाराच्या मुलांची ही अवस्था, तर साध्या शिपायाची काय असेल? ज्या महार पलटणींनी कंपनी सरकारला मराठी राज्य जिंकून दिले त्यांची भरतीही त्या सरकारने १८९२ साली बंद केली. गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ महार उभी केली, युद्ध संपल्यावर मोडली, आणि पुन्हा गरज पडली तेव्हा १९४१ साली महार रेजिमेंट उभारली. सत्तेच्या लेखी सैनिक म्हणजे हंगामी मजूर होता, हे इतक्या उघडपणे क्वचितच दिसले असेल. 'लढाऊ जमात' हा शब्द याच व्यवहारावरचा मुलामा होता.

या सर्व अंधारात एक कंदील लावला तो वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी. 'फकिरा' (१९५९) ही रूढ अर्थाने सैनिकी कादंबरी नव्हे. परंतु शस्त्र कोण उचलतो, कशासाठी उचलतो आणि त्याची किंमत कोण भरतो, या तीन प्रश्नांना तिने दिलेली उत्तरे राजवाड्यातील एकाही कादंबरीने दिलेली नाहीत. राणोजी जोगणीच्या मानासाठी, म्हणजे गावाच्या प्रतिष्ठेसाठी, मारला जातो. त्याचा मुलगा फकिरा दुष्काळात पोरांच्या तोंडी घास पडावा म्हणून धान्य लुटतो. आणि सरकार त्याच्या माणसांना ओलीस धरते तेव्हा त्यांच्यासाठी स्वतःला हवाली करतो. मानापासून भाकरीपर्यंतचा हा प्रवास बापलेकांच्या दोन पिढ्यांत घडतो. सांगलीतच जन्मलेल्या वि. स. खांडेकरांनी तिला प्रस्तावना लिहिली, १९६१ साली राज्य सरकारने तिला पुरस्कार दिला; आणि नंतर प्रस्थापितांनी तिच्यातील तलवार तेवढी उचलून घेतली, धान्याची पोती तेथेच ठेवली. जयंतीच्या फलकावर फकिरा घोड्यावर दिसतो. तो लुटीला का गेला, हे फलकावर नसते.

येथे दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की लेखक हा पक्षाचा प्रचारक नव्हे, त्याला विषयांची यादी देता येत नाही. मान्य. परंतु विश्राम बेडेकरांनी १९३९ सालीच 'रणांगण' लिहून दाखवले की एकही तोफ न उडवता, एका बोटीवरच्या निर्वासितांतून, येणारे महायुद्ध उभे करता येते. ते काही कोणाच्या आदेशाने लिहिले गेले नव्हते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: खुद्द जवानालाच 'छावा' आणि 'श्रीमान योगी' आवडतात, त्याच्या ट्रंकेत तीच पुस्तके असतात. हेही खरे आहे. चौकीवर एकट्या रात्री ज्याला स्वतःच्या मरणाला अर्थ हवा असतो, तो थोरांच्या मरणात तो शोधणारच. दोष त्याच्या भुकेचा नाही. त्या भुकेवर एकाच प्रकारचे अन्न वाढणाऱ्यांचा आहे, कारण जवानाला असे शिकवले जाते की मरण हे केवळ वीराचे असते, त्याला मंत्रिमंडळाचा निर्णय, चुकीचा नकाशा किंवा न पोहोचलेली रसद यांपैकी काहीही कारणीभूत नसते.

आणि या अन्नावर कोणाची चूल पेटते, तेही दिसले आहे. १९७९ च्या 'छावा'वरून काढलेला हिंदी चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये झळकला. मार्चमध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून नागपुरात दंगल उसळली आणि चित्रपटाने लोकांच्या भावना प्रक्षुब्ध झाल्याचे खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले. सव्वातीनशे वर्षांपूर्वीच्या मृत्यूवर रस्ते पेटवता येतात. श्रीलंकेत १९८७ ते १९९० या काळात शांतिसेनेचे सुमारे बाराशे जवान मेले, ते कोणाच्या निर्णयाने आणि कशासाठी, यावर एक कोपरासभाही होत नाही.

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर चारांपैकी एकालाच कायम करणार, उरलेल्या तिघांच्या हाती सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी. त्यातला निम्मा त्यांच्याच पगारातून कापलेला. निवृत्तिवेतन नाही, ग्रॅच्युइटी नाही. अपशिंग्यासारख्या गावांतील घरे शंभर वर्षे ज्या पेन्शनीवर उभी राहिली, तीच काढून घेण्यात आली. तरीही कोरेगाव, वडूज, विटा, आटपाडीच्या रस्त्यांवर पहाटे पोरे धावतच आहेत, कारण ऊस असलेल्या शिवारापलीकडे दुसरी नोकरी नाही.

सातारा-सांगलीतील कार्यकर्त्यांना एक काम तातडीने करता येण्यासारखे आहे आणि त्याला लेखकाची वाट पाहण्याचे कारण नाही. माजी सैनिकांच्या घरातील पत्र्याच्या ट्रंकांत डिस्चार्ज बुके आहेत, पेन्शनीचे कागद आहेत, आघाडीवरून आलेली कार्डे आहेत, विधवांनी कचेरीत घातलेल्या अर्जांच्या नकला आहेत. नवे घर बांधले की हे सारे रद्दीत जाते. ते गावोगाव उतरवून घ्यावे, आणि कागदांबरोबर माणसांचे बोलणेही. १९६२ साली विशीत असलेला जवान आज ऐंशीच्या पुढे आहे.