एकाच तारेचं भाडं दोघांकडून

मा. अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, नवी दिल्ली यांस,



१८ फेब्रुवारी २०२३ रोजी, ऐन महाशिवरात्रीला, डिस्ने स्टार, झी आणि सोनी यांनी नव्या दरांच्या करारावर सही न करणाऱ्या केबल कंपन्यांचे सिग्नल तोडले. केबल कंपन्यांच्या महासंघाच्या म्हणण्याप्रमाणे साडेचार कोटी घरांना फटका बसला. स्टार प्रवाह, झी मराठी, सोनी मराठी एका दमात गेल्या. दिल्लीच्या कसोटीत जडेजा ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या डावातले सात गडी टिपत होता, तेव्हा या घरांतल्या टीव्हीवर स्टार स्पोर्ट्स नव्हतं. काही दिवसांत सह्या झाल्या, वाहिन्या परतल्या. तोवर दोन्ही बाजूंना ग्राहकाचा भलताच पुळका आला होता.

त्या भांडणातला पैसा वितरकाकडून, म्हणजे केबल कंपनीकडून, वाहिनीकडे जाणारा होता. उलट दिशेने जाणाऱ्या पैशाबद्दल, म्हणजे कॅरेज फीबद्दल, प्रेक्षकाला कुणी फारसं सांगत नाही. ॲनालॉग केबलच्या काळात तिला कारण तरी होतं. तारेत जागा मोजकी, स्वच्छ चित्र दिसणारा पट्टा त्याहून लहान, मग तिथे बसायला वाहिन्यांची चढाओढ. १ नोव्हेंबर २०१२ पासून मुंबईत डिजिटल केबल सक्तीची झाली, तेव्हा जागा वाढली की ही फी आटेल अशी आशा होती. आटली नाही. २०१७ मध्ये आपणच ती नियमात बसवलीत: साध्या वाहिनीसाठी दरमहा ग्राहकामागे जास्तीत जास्त २० पैसे. वाहिनी घेणारे पाच टक्क्यांहून कमी असतील तर पूर्ण दर, पुढे टप्प्याटप्प्याने कमी, आणि २० टक्के झाले की शून्य. २०२० मध्ये महिन्याला ४ लाखांची मर्यादा घातलीत, ते बरं केलंत.

पण पाहणारे जितके कमी तितका दर चढा, हे सूत्र तसंच राहिलं. कुणी न पाहणाऱ्या वाहिनीने जागा का अडवावी, हा वितरकाचा प्रश्न मला पटतो. मात्र मोठ्या समूहाने नवी वाहिनी लोकप्रिय पॅकमध्ये कोंबली की तिला २० टक्के ओलांडायला कितीसा वेळ लागतो? एकट्याने उभ्या राहिलेल्या, निव्वळ जाहिरातींवर चालणाऱ्या फ्री टू एअर मराठी वाहिनीने काय करावं?

आता माझं बिल बघा. २०१९ पासून त्यात नेटवर्क कपॅसिटी फी आहे. सुरुवातीला १०० वाहिन्यांपर्यंत कमाल १३० रुपये, वर कर. जुलै २०२४ मध्ये आपण ही मर्यादाच काढून टाकलीत. वाहिन्या माझ्या घरी आणायचे पैसे मी देतो, आणि त्याच तारेतून माझ्या घरी यायचे पैसे छोटी वाहिनीही देते. टेम्पोवाल्याने एकाच खेपेचं भाडं माल धाडणाऱ्याकडूनही घ्यावं आणि उतरवून घेणाऱ्याकडूनही, तशातली ही गत. आमचा केबलवाला दारात उभ्या उभ्या मोबाइलवरून रिचार्ज मारतो. बिलातल्या नेटवर्क फीबद्दल विचारलं की म्हणतो, ‘काका, वरून आलंय.’ तो खोटं बोलत नाही.

कॅरेज फीचा दर जाहीर असतो, प्रत्यक्ष वसुली नाही. कोणत्या वाहिनीकडून किती घेतले, आणि सेट-टॉप बॉक्स लावताच पहिली दिसण्यासाठी कुणी किती मोजले, हे प्रत्येक वितरकाला संकेतस्थळावर मांडायला लावा. ती कमाई धरूनच ग्राहकाची नेटवर्क फी ठरू दे. भांडणात वाहिनी बंद झाली, तर तेवढ्या दिवसांचे पैसे आम्ही न मागता पुढच्या बिलातून कापले जावेत, पॅकमधल्या वाहिनीचेसुद्धा. आणि वाद टीडीसॅट या दूरसंचार लवादात गेला असेल, तर पहिली सुनावणी होईपर्यंत चालू वाहिनी तोडायला मनाई हवी.

नाहीतर डीडी फ्री डिश आहेच. तिला महिन्याचं बिल नाही, आणि आमच्या गच्चीवर छत्र्या वाढू लागल्या आहेत.

आपला,
एक केबल ग्राहक