सब्जंक्टिव्हची भीती कशाला?

‘ती गेली’ हे फ्रेंचमध्ये ‘एल ए पार्ती’. पण ‘ती गेली याचं वाईट वाटतं’ म्हणायचं, तर तेच ‘केल स्वा पार्ती’ होतं. घटना तीच, बोलणाऱ्याच्या भावनेने क्रियापद बदललं; हे बदललेलं रूप म्हणजे सब्जंक्टिव्ह.

हे भूतकालीन सब्जंक्टिव्ह अवघड म्हणून शेवटच्या धड्यांत ढकलणं चुकीचं आहे. ‘आव्वार’ किंवा ‘एत्र’चं वर्तमान सब्जंक्टिव्ह घ्यायचं, पुढे भूतकृदंत जोडायचं.

सब्जंक्टिव्हचं दुसरं भूतकालीन रूप, म्हणजे अपूर्ण सब्जंक्टिव्ह, बोलण्यातून केव्हाच गेलं; काही वाक्यांत त्याऐवजी वर्तमान रूप लिहिण्याची सूट फ्रान्सच्या शिक्षण खात्याने 1901मध्येच दिली होती. ‘स्वा पार्ती’सारखं रूप मात्र रोज कानावर पडतं.

‘आप्रे क’, म्हणजे ‘नंतर’, याच्यापुढे फ्रेंच अकादमी सब्जंक्टिव्ह नाकारते. तरी कित्येक फ्रेंच लोक तिथे तेच वापरतात. हा वादही विद्यार्थ्यांना वर्गात कळायला हवा.