आधी मोटारीला, मग रस्त्याला

सोलापूरची रेल्वे पळता पळता वरच्या तारेतून वीज घेते. बसलाही तशी देता येते, आणि वर तार नसते. रस्त्याखाली तांब्याच्या तारेची वेटोळी पुरतात. त्यांत वीज सोडली की बसच्या पोटातल्या वेटोळ्यात वीज तयार होते. दक्षिण कोरियात गुमी शहरात २०१३ साली अशी बस चालली.

मला हे फार आवडले. पण आमच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या फिरतात. तिथं डांबर टिकत नाही, वेटोळी काय टिकणार! आणि विहिरीच्या मोटारीला लाईट रात्रीची येते. आप्पा बॅटरी घेऊन दारं धरायला जातात. परवा बांधावर साप होता. आई जागीच असते.

माझे मत, आधी मोटारीला दिवसा लाईट द्या, मग रस्त्याला. बससाठी मी थांबीन.

– इयत्ता ४ थी