उशिरा शिकलेली नगरसेविका

भिलाईच्या पोलाद कारखान्याबरोबर अनेक प्रांतांतील कामगार कुटुंबे तेथे स्थायिक झाली; त्यांत मराठी कुटुंबेही होती. आज या शहराच्या नगर निगमात स्त्रिया 'पार्षद', म्हणजे नगरसेविका, म्हणून निवडून येतात. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांतील किमान एक-तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या. तथापि, निवडून येते ती पत्नी आणि कारभार पाहतो तो पती, असे चित्र देशात अनेक ठिकाणी दिसते. मग 'बाईला कारभारातले काय कळते?' असा प्रश्न उपहासाने विचारला जातो. त्याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या एका मराठी स्त्रीच्या चरित्रात सापडते.

अवंतिकाबाई गोखले यांचा जन्म १८८२ मध्ये इंदूर येथे झाला. बालपणी त्यांना शाळा लाभली नाही. नवव्या वर्षी विवाह झाला आणि त्यानंतर पतीच्या साहाय्याने त्या लिहावाचायला शिकल्या. पुढे त्यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतले. १९१७ मध्ये त्या गांधीजींच्या कार्यासाठी बिहारमधील चंपारण्यात गेल्या. तेथील भाषा येत नसतानाही त्यांनी बडहरवा गावी शाळा चालवली व स्वच्छतेचे धडे दिले. १९१८ मध्ये त्यांनी गांधीजींचे मराठी चरित्र लिहिले. त्याला लोकमान्य टिळकांची प्रस्तावना लाभली. त्याच वर्षी त्यांनी मुंबईत हिंद महिला समाज स्थापन केला. १९२० च्या दशकात मुंबई महापालिकेत ज्या पहिल्या स्त्रिया सदस्य झाल्या, त्यांत सरोजिनी नायडू यांच्याबरोबर अवंतिकाबाईही होत्या. शिक्षणात पतीची मदत झाली. सभागृहातील आसन मात्र त्यांचे स्वतःचे होते.

याचा अर्थ अल्पशिक्षित स्त्रीला आसन नाकारावे, असा मुळीच नाही. पाणी, गटार, दवाखाना, शाळा हेच नगराच्या कारभाराचे विषय आहेत आणि त्यांतील अडचणींची झळ स्त्रीला रोजच लागते. तिला अनुभव असतोच. उणीव असते ती कागदपत्रे वाचण्याच्या सवयीची, आणि ती कोणत्याही वयात भरून काढता येते. पतीने मदत करावी, पण ती शिकवण्याची. तिच्या जागी बसण्याची नव्हे. राखीव जागा केवळ दार उघडते. सभेपुढील कागद स्वतः वाचून, समजून, मगच त्यावर सही करणारी पार्षद हेच त्या उपहासाला खरे उत्तर होय.