मुलाचे हृदय आणि दुकानाचा हिशेब

धान्याच्या एका पोत्याला कीड लागली, तर व्यापारी ते त्याच दिवशी वेगळे काढतो. पण घरातले तान्हे मूल दूध पिताना दमते, कपाळाला घाम फुटतो, वजन वाढत नाही, वारंवार न्यूमोनिया होतो, तेव्हा मात्र ‘नजर लागली’ म्हणून महिने घालवले जातात. नांदेडच्या इतवाऱ्यात काय किंवा लातूरच्या गंजगोलाईत काय, या दिरंगाईबद्दल व्यापारी व कारागीर बांधवांशी आम्हाला स्पष्ट बोलायचे आहे.

हजार जन्मांमागे साधारण आठ-नऊ बालकांना जन्मजात हृदयदोष असतो. यात घराण्याला कमीपणा नाही. गर्भारपणाच्या पहिल्या दोन महिन्यांत हृदय घडत असताना पडद्यात छिद्र राहते किंवा रक्तवाहिनीची जोडणी चुकते. ग्रहणाशी त्याचा संबंध नाही. गरोदरपणातील रुबेला, आटोक्यात नसलेला मधुमेह आणि जवळच्या नात्यातील लग्ने यांनी धोका वाढतो. पण बहुतेक वेळा नेमके कारण सापडत नाही. म्हणून सुनेला बोल लावणे अन्यायाचे आहे.

लहान छिद्र पुष्कळदा आपोआप बुजते. पण ते टूडी एको तपासणी करून डॉक्टरांनी ठरवायचे असते. मोठे छिद्र तसेच राहिले, तर फुप्फुसातील रक्तदाब वाढत जातो आणि काही वर्षांनी शस्त्रक्रियेची वेळच निघून जाते. ओठ, नखे निळी पडत असतील तर एक दिवसही थांबू नये.

‘पैसा कोठून आणायचा?’ हा प्रश्न खरा आहे. पण शिलाई मशीन विकण्यापूर्वी, सावकाराकडे जाण्यापूर्वी सरकारी रुग्णालयात चौकशी करावी. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांतील व सरकारी, अनुदानित शाळांतील मुलांची तपासणी होते. आजची महात्मा फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होते. या योजनेतील रुग्णालयांत बालकांच्या हृदयशस्त्रक्रिया होतात. खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयातही त्या मोफत होतात.

अडचण येते ती कागदांची. शिधापत्रिकेवर ‘शेख’ आधी, आधारवर शेवटी, जन्मदाखल्यावर नुसते नाव! मूल आजारी पडण्यापूर्वीच ही नावे एकसारखी करून घ्यावीत.

शाळा सुटलेल्या मुलांपर्यंत शाळेतील तपासणी पोहोचत नाही. त्यांच्यासाठी व्यापारी संघटनांनी डॉक्टरांना बोलावून वर्षातून एकदा मोहल्ल्यात शिबिर भरवावे. मूल घेऊन मुंबईला जाणाऱ्या कामगाराची रोजी मालकांनी कापू नये. चार दिवसांच्या मजुरीने कोणाचे दुकान बसत नाही.

थकलेली उधारी आज ना उद्या वसूल होते. मुलाच्या उपचाराची गेलेली वेळ वसूल होत नाही.