लसीतील मीठ

लोणच्याची बरणी वर्षभर टिकते ती मिठामुळे, हे गृहिणींस सांगावयास नकोच. सडविणाऱ्या जंतूंस मीठ थारा देत नाही. पोलिओच्या तोंडी लसीत मात्र मिठाच्याच जातीच्या एका क्षाराकडून नेमके उलटे काम घेतले जाते. तेथे तो विषाणूस जपतो.

साबिन यांच्या या लसीतील विषाणू दुर्बळ केलेला, पण जिवंत असतो. देवीची लस सुकवून भुकटीरूपाने दूरवर नेता येई. पोलिओचा विषाणू सुकविताना फार मोठ्या प्रमाणात मरतो. म्हणून तो द्रवातच सांभाळणे आले. उष्णतेने त्याचे प्रथिनांचे कवच उकलते आणि तो निकामी होतो. १९६१ च्या सुमारास अमेरिकेत वॉलिस व मेल्निक यांना आढळले, की मॅग्नेशियम क्लोराइड भरपूर मिसळल्यास हे कवच उष्णतेपुढे बराच तग धरते.

तरीही थंडाव्यावाचून चालत नाही. दीर्घ साठवणीस उणे २० अंश सेल्सिअस, केंद्रावर २ ते ८ अंश. ३७ अंशांवर दोनच दिवसांत लसीचा भरवसा सरतो, आणि वरून ती दिसते तशीच! थेंब बाळाच्या मुखी पडले, आई निश्चिंत झाली, आणि लस मात्र मेलेली. याहून क्रूर फसवणूक कोणती? १९९६ पासून कुपीवर उष्णतेची नोंद ठेवणारी खूण येऊ लागली. वर्तुळातील चौकोन वर्तुळाहून फिकट असेल तोवर लस चांगली. रंग जुळला, की कुपी टाकून द्यावी. ही खूण पाहावयास मागण्यात मातांनी मुळीच संकोच करू नये.

टोचावयाच्या पोलिओ लसीची तऱ्हा निराळी. तीत विषाणू मारलेलाच असतो, आणि ती गोठली तर वाया जाते.